काटाघरातली हवा

"दिवसाच्या किती होतात?" त्या मुलीनं इतक्या सहज विचारलं, की क्षणभर मी मनातल्या मनात मोजायलाच लागले. आमच्या जिनिंगच्या आवारात आरोग्य शिबिर होतं. सरकीच्या गोदामापुढच्या शेडमध्ये दोन टेबलं, निळं कापड, रक्तदाबाचं यंत्र आणि माणसांच्या वजनाचा एक छोटा काटा. त्या काट्यावर मी उभी राहिले तेव्हा रांगेत हशा पिकला, कारण मलकापूरच्या या आवारात कापूस घेऊन येणाऱ्या प्रत्येक गाडीचं वजन मीच करते. शेवटच्या टेबलावर ही योगिनी नावाची मुलगी बसली होती, बुलढाण्याहून आलेली, हातात मोबाइलएवढं एक यंत्र. श्वास आत घ्यायचा, पंधरा सेकंद धरायचा आणि मग नळीत हळूहळू सोडायचा. श्वासात बिडीचा धूर किती ते सांगणारे यंत्राला तीन दिवे होते, हिरवा, पिवळा आणि लाल. माझ्या आधी आमच्या जिनिंगमधल्याच अर्जुनरावांनी फुंकलं. लाल दिवा लागला तेव्हा त्यांनी बैलांचा शंकरपट जिंकल्यासारखं मागे वळून सगळ्यांकडे बघून घेतलं. माझा पहिला श्वास नवव्या सेकंदालाच सुटला. दुसऱ्या खेपेला डोळे मिटून कसेबसे पंधरा मोजले. डोळे उघडले तर दिवा पिवळा होता, आणि तिनं तो प्रश्न विचारला.

"मी नाही ओढत," मी म्हणाले.

"घरात कोणी?"

"घरात मी आणि माय."

"मग कामाच्या जागी?"

अर्जुनराव तिथंच बाही खाली करत उभे होते. ते मोठ्यानं हसले. "अवो म्याडम, आमची महामाया सुपारी बी नाही खात. तुमची मशीनच बिघडली." रांग हसली. मीही हसले आणि हसता हसताच योगिनीला सांगून टाकलं, की कामाच्या जागी कुणी ओढत नाही. धडधडीत खोटं. माझ्या तोंडून ते असं निघालं, जसं पाहुण्यापुढे 'आमचं जेवण झालंय' निघतं. कार्डावर धूम्रपानापुढे दोनच चौकोन होते, होय आणि नाही. तिनं होयच्या चौकोनात खूण केली आणि शेजारी एक लहानसं प्रश्नचिन्ह काढलं. कार्ड देताना ती आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, सदतिसाव्या वर्षी श्वास असा सुटायला नको. ज्या हवेत तुम्ही बसता ना, ती सोडा. नाहीतर दोन-तीन वर्षांत चार पायऱ्या चढणं जड जाईल." मी मान हलवली आणि कार्ड ओढणीच्या टोकात धरून माझ्या जागेवर परत आले.

ज्या हवेत मी बसते तिला आमच्याकडे काटाघर म्हणतात. दहा बाय दहाची खोली, पक्क्या विटांची, वर स्लॅब, खाली फरशी. पुढे मोठी काच, काचेपलीकडे जमिनीत बसवलेला गाड्यांचा काटा. गाडी काट्यावर चढते, माझ्या पडद्यावर आकडा येतो, मी पावती काढते आणि काचेखालच्या फटीतून सरकवते. काच उघडत नाही. कापसाची धूळ आत आली तर कॉम्प्युटर बिघडतो, म्हणून ती कडेनं चिकटवून टाकलेली आहे. कॉम्प्युटरची प्रकृती नाजूक असते. सात वर्षांपूर्वी आवारात आग लागली होती. कुणाची तरी बिडी कापसाच्या गंजीत पडली असं म्हणतात. कापूस भडकत नाही. वरून पांढराशुभ्र दिसत राहतो आणि आग पोटातून सरकत जाते, एका बाजूनं विझवली तर तीन दिवसांनी दुसऱ्या बाजूला निघते. त्या आगीनंतर मालकांनी फर्मान काढलं, की आवारात कुठंही काडी पेटणार नाही. फाटकावरचा भागवत आल्यागेल्याचे खिसे चाचपतो, काडेपेट्या आणि लायटर काढून घेतो. पण माणसांची तलफ काय खिसे चाचपून जाते? तिच्यासाठी एक जागा ठरली. ज्याला ओढायचं त्यानं काटाघरात बसून ओढावं. अख्ख्या आवारातली एकुलती एक काडेपेटी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली गेली. "इथं जळण्यासारखं काही नाही," मालक खोली बघत म्हणाले होते. तेव्हा मी खुर्चीतच बसलेली होते.

मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला, आणि हे कुणाला सांगितलं तर लोक मला खुळ्यात काढतील. पण त्याआधीची चार वर्षं मी त्या खोलीत एकटी बसत होते. गाड्या यायच्या, आकडे यायचे, फटीतून पावती जायची. आत कुणी येत नसे. येण्याचं काम नव्हतं, असं म्हणता येईल. पावती हातात न घेता "ठेवा तिथं" म्हणणारेही दोघं-तिघं होते. ते नंतर उचलायचे, आणि मी तोवर पडद्याकडे बघत बसायचे. सकाळचा चहा बाहेरच्या माणसांना आधी जायचा, माझा उरलासुरला कोमट यायचा. आणि मग त्या फर्मानानंतर एका सकाळी दार ढकलून अर्जुनराव आत आले. ते इथले ग्रेडर, म्हणजे आलेला कापूस बघून त्याची प्रत ठरवणारे. बोंडभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ओढायचा, धागे बोटावर पसरायचे, आणि न मोजता धाग्याची लांबी सांगायची, एकोणतीस मिलिमीटर, अठ्ठावीस. त्यांचा शब्द मालकही खाली पडू देत नाहीत. ते माझ्या समोरच्या बाकड्यावर बसले, म्हणाले, "काडी दे बरं, पोरी," आणि त्यांनी बिडी पेटवली. त्यांच्या मागून दोघं आले, चौघं आले. चहाची किटली काटाघरातच यायला लागली. सगळ्यांचे पेले एकाच ताटलीत, माझाही त्यातच. कुणाचा कोणता हे कुणी बघत नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना माझे डोळे झोंबत होते आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

आता दुपारी, शिबिर उरकल्यावर, सगळे परत माझ्याकडेच आले होते. कुणाचा रक्तदाब किती, कुणाची साखर किती, यावर खल चालला होता. हिवाळ्यातलं ऊन तिरपं होऊन काचेतून आत येतं त्या वेळी धूर दिसायला लागतो. एरवी तो नुसता असतो. ऊन आलं की त्याचे पदर सुटतात, एक थर टेबलाच्या उंचीवर तरंगत राहतो, दुसरा पंख्याच्या खाली, आणि मधून कापसाचा एखादा तंतू वाट चुकल्यासारखा वर-खाली होत जातो. मी किती तरी दुपारी ते बघत बसले आहे. गाडी काट्यावर उभी असायची, ड्रायव्हर भोंगा वाजवायचा, आणि मी कुठं असायचे कुणास ठाऊक. त्या धुरात माणसांचे चेहरे मऊ व्हायचे. कडक बोलणारी माणसंही तिथं हळू बोलायची, मुलीच्या लग्नाचं, गुडघ्याचं, पऱ्हाटीवर आलेल्या अळीचं. मला वाटायचं, आपण सगळे एका कोमट पाण्यात बसलो आहोत. आज मात्र मी श्वास घ्यायचे आणि तो आत कुठवर जातो ते बघायचे. घशापाशी तो थांबतो. मग गळ्याखाली एक वळण घेतो, आणि तिथं काहीतरी साचलेलं आहे. मी चोरून पुन्हा पंधरा मोजायला गेले. आठला खोकला आला. "पानी पी," अर्जुनराव म्हणाले आणि त्यांनीच माझी बाटली उघडून पुढे केली. त्यांची दोन बोटं हळदीनं माखल्यासारखी पिवळी आहेत. त्यांच्या त्या बोटांवर माझा फार जीव आहे, हे मला तेव्हा कळलं, अगदी नको त्या वेळी.

घरी गेले की माय आधी माझी ओढणी हातात घेते. ती खुंटीला टांगायच्या आधी नाकाशी नेते, मला दिसत नाही असं तिला वाटतं. चांगुणा तिचं नाव, आणि मूळची ती साखरखेर्ड्याची. कुणाच्याही घरात न विचारता दोन पावलं पुढे जायचं नाही, हे तिच्या हाडात आहे. अंगणवाडीच्या मिटिंगलाही ती दाराजवळच बसते. तिला ओढणीच्या वासावरून कळतं, की आज काटाघर भरलेलं होतं. मग ती विचारते, "कोन कोन बसलं होतं व?" आणि मी नावं सांगते. नावांमागचं आडनावही तिला लागतं. पाटील होते का, देशमुख होते का. मी सांगते तसा तिचा चेहरा उजळत जातो. सात वर्षं रोज हेच. बिडीचा वास हा आमच्या घरात मानाचा वास आहे, अत्तरासारखा. त्या संध्याकाळी मी ओढणी तिच्या हातात दिली नाही, सरळ बादलीत टाकली.

"काऊन? आज तं कोनी आलंच नाही की काय?"

"आले होते. सगळेच आले होते." मी तिला कार्ड दाखवलं. तिला अक्षर लागतं, पण हळू. मी पिवळ्या दिव्याचं सांगितलं, योगिनीनं काय बजावलं ते सांगितलं. माय बराच वेळ कार्ड उलटंसुलटं करत राहिली.

"मंग आता काय करशील? नोकरी सोडतं?"

"नोकरी सोडून खाऊ काय आपण? त्याइले सांगावं लागन. बाहेर बसत जा म्हनून."

माय एकदम ताठ झाली. "असं नोको करू, माया. बसलेल्या मानसाले उठवू नाही. तुह्यापाशी येऊन बसतात ते. तुह्या बापापाशी कोनी बसलं का? बाबा गेला तवा अर्जुनराव आपल्या घरी आले, सतरंजीवर बसले, पानी पेले. ते मी मरेपर्यंत नाही इसरनार." आणि मग भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "लय दुखते का छातीत?"

दुखत नाही, मी म्हणाले. दुखत नव्हतंच. दुखलं असतं तर सोपं झालं असतं. गेल्या वर्षापासून विहारात रविवारी वंदना म्हणताना माझा श्वास पुरत नाही, एवढंच. आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना मी सांगते आणि बाकीचे मागून म्हणतात. लहानपणापासून माझा आवाज लांब, एका श्वासात अख्खी ओळ. आता ओळ मध्येच तुटते, आणि मागची लेकरं तिथंच थांबायला शिकली आहेत. त्यांना वाटतं तिथं थांबायचंच असतं. पाचवं शील म्हणताना, सगळ्या नशेपासून दूर राहण्याचं, मी ते अगदी ठणठणीत म्हणत आले. दारू सोडली तशीच आमच्या वस्तीनं बिडीही सोडली. बाबांनी तर माझ्या जन्माच्या वर्षी सोडली होती, असं माय सांगते. आणि माझ्या कार्डावर होय. ज्या माणसानं आयुष्यात एक झुरका घेतला नाही त्याच्या छातीत रोज दुसऱ्यांचे झुरके जमा होत गेले, आणि ते कुणी घातले नाहीत. मी आत घेतले. खण उघडून काडी मीच दिली.

त्या रात्री झोप आली ती पाण्यावर तरंगल्यासारखी आली. मी वाक्य शोधत होते. सांगायचं तर होतं, पण कोणत्या शब्दात? 'काकाजी, जरा मोकळ्यात बसा ना.' 'काकाजी, उन्हात बसा, तब्येतीला बरं असतं.' 'काकाजी, मालक ओरडतात.' हे तर खोटं, मालकांनीच बसवलंय. कसंही फिरवलं तरी ते त्याच दोन शब्दांवर येऊन थांबायचं, बाहेर बसा. हे शब्द माझ्या घरात कुणी कधी कुणाला म्हटलेले नाहीत. आम्ही ते ऐकण्याकडचे लोक. माझ्या आजीनं ते ऐकले; बाबांनी, म्हणजे माणिकरावांनी, ते ऐकायच्या आधीच ओळखायला शिकून घेतले. बाबा याच जिनिंगमध्ये हमाल होते, सत्तावीस हंगाम. डोक्यावर फडकं, पापण्यांवर कापूस, म्हातारपणी कसे दिसतील ते तरुणपणीच दिसायचे. मी लहान असताना डबा घेऊन जायची तर ते ऑफिसच्या पायऱ्यांपासून दहा हातांवर उकिडवे बसलेले असायचे. बाकीचे हमाल पायऱ्यांवर. मला वाटायचं, बाबांना तिथली सावली आवडते. पुढं कधीतरी, कॉलेजात असताना, बसमध्ये खिडकीतून बाहेर बघता बघता, कसलंही कारण नसताना मला एकदम लख्ख कळलं, की तिथं सावली नव्हतीच. मी खाली उतरेपर्यंत रडत होते आणि शेजारच्या बाईला वाटलं माझी परीक्षा वाईट गेली.

मला ही नोकरी लागली तीही अर्जुनरावांमुळे. "मानिकची पोरगी बी.कॉम. हाय, हुशार हाय, काट्यावर बसवा," असं त्यांनी मालकांना सांगितलं. पहिल्या दिवशी बाबा मला बघायला आले. काचेसमोर उभे राहिले, मध्ये तो गाड्यांचा काटा. मी आतून हात करून बोलावलं. त्यांनी पायांकडे बोट दाखवलं, धूळ आहे म्हणून, आणि हसत हसत तिथूनच परत गेले. त्याच वर्षी ते वारले. मग माझ्या बाकड्यावर माणसं येऊन बसायला लागली तेव्हा मला वाटलं, बाबा ज्या दहा हातांवर थांबले ते दहा हात या लोकांनीच चालून काढले. ते माझ्याकडे आले. आणि आता मी त्यांना उठवू? खोकत, डोळे चोळत, मी सात वर्षं तो धूर देवाच्या अंगाऱ्यासारखा मुकाट घेतला, आणि त्याला मान म्हटलं. मला कुणी फसवलं नव्हतं. ही चूक माझ्यासारखीलाच जमणारी आहे. पाटलाच्या मुलीनं पहिल्याच दिवशी नाक मुरडून सगळ्यांना हाकललं असतं आणि कुणाला काही वाटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून काहीच ठरवलं नाही. सकाळी धुकं होतं. मालगाडी लांबून गेली, तिचे डबे मी सवयीनं मोजायला लागले आणि सोडून दिले. अकराच्या सुमारास अर्जुनराव एकटेच आले. बाकीचे नव्या मालाच्या मागे होते. बाकड्यावर बसत त्यांनी हात पुढे केला. मी खण उघडला, काडेपेटी दिली. हात आपल्या आपण चालतात. त्यांनी बिडी पेटवली, डोळे अर्धे मिटून घेतले.

"लाल लागला म्हने!" ते स्वतःशीच हसले. "चाळीस वर्षं झाले, लाल नाही लागन तं काय लागन? तुह्या दिव्याचं मनावर नोको घेऊ."

"काकाजी," मी म्हणाले. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. घरून सुनेचा, संजीवनीचा, व्हिडिओ कॉल. सहा महिन्यांचा नातू आहे त्यांना. अर्जुनराव गडबडले. हातातली बिडी त्यांनी पटकन बाकड्याच्या कडेला, मोबाइलला दिसणार नाही अशी ठेवली, टोपी नीट केली, आणि मग दुसऱ्या हातानं पडद्यापुढचा धूर हाकलायला लागले. जोरजोरात, ताटावरच्या माशा हाकलतात तसा. तो सगळा धूर उन्हातून वळला आणि माझ्या तोंडावर आला. "बोला राजे!" ते मोबाइलला म्हणत होते. "बोला! पाह्य व, मले वळखते तो! हासला!" त्यांचा चेहरा इतका सुंदर दिसत होता की मीही हसले. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी हसले. पोर काहीतरी हुंकारलं, सून काहीतरी म्हणाली, कॉल संपला. अर्जुनरावांनी कडेची बिडी उचलली, झुरका घेऊन ती विझली नाही याची खात्री केली.

"बिडी काऊन लपवली?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"अवं, लेकरू पाह्यते ना." मग ते पुढे झुकले आणि मोठं गुपित सांगावं तसं अभिमानानं सांगायला लागले. "घरात मी वढतच नाही आता. डॉक्टरनं सूनबाईले सांगतलं, धूर लेकराच्या छातीत जाते म्हने, जवळ नाही वढला तरी जाते, कपड्यातून जाते. तवापासून घरात एक काडी नाही पेटली. मी फाटकातच सदरा बदलतो, चूळ भरतो, हात धुतो, मंग त्याले घेतो. इचार बरं कोनाले."

"मंग दिवसभराच्या कुठं वढता?"

"इथंच ना. तुह्यापाशी." ते प्रेमानं म्हणाले. "अजून कुठं जाऊ?"

त्यांच्या बोलण्यात काही कपट नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. त्यांना ठाऊक होतं, सगळं ठाऊक होतं, धूर कुठून जातो, कुणाच्या छातीत जातो, कपड्यातूनही जातो. नातवासाठी त्यांनी चाळीस वर्षांची सवय उंबऱ्याबाहेर काढली होती. कापसासाठी भागवत खिसे चाचपत होता, कॉम्प्युटरसाठी काच चिकटवलेली होती. या सगळ्यांना जपून झाल्यावर जे उरलं ते सगळे माझ्याकडे घेऊन येत होते, माझ्यापाशी बसून. सात वर्षं मी ज्याला त्यांचं माझ्याकडे येणं समजत होते ते हे होतं. मला राग आला. अर्जुनरावांचा आला, ओढणी हुंगणाऱ्या माझ्या मायचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या मुलीचा आला जी त्या पहिल्या संध्याकाळी झोंबणारे डोळे घेऊन गाणं म्हणत घरी गेली होती. तिला जाऊन हलवावंसं वाटलं. पण ती फार खुशीत होती, तिला ऐकू गेलं नसतं.

"काकाजी, माह्या छातीत नाही जात का तो?"

ते गोंधळले. हसण्याच्या बेतात होते, पण माझं तोंड बघून थांबले. "तू काय लहान लेकरू हाय?" ते म्हणाले. मग टोपी सारखी करत, "तुले तं सवय हाय ना, पोरी."

"बाहेर बसा, काकाजी."

मला वाटलं होतं हे शब्द घशात अडकतील. ते साधे निघाले, पावती फटीतून सरकते तसे. अर्जुनरावांनी बिडी हातातच धरली होती, तिची राख लांबत चालली होती. "बाहेर?" ते म्हणाले. "मी?"

"हाव. वढाची असन तं बाहेर. फाटकाच्या बाहेर. इथं मले बसा लागते."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. उठायला त्यांना वेळ लागतो, मी दर वेळी हात द्यायची, आज दिला नाही. दारापाशी जाऊन ते थांबले आणि मागे न वळता म्हणाले, "तुह्या बापाले मी कधी बाहेर बस म्हटलं नाही, महामाया. इतक्या वर्षांत एका दिवशी नाही म्हटलं."

आवाजात त्यांच्या खरं दुःख होतं. ते खोटं बोलत नव्हते. मला माहीत होतं, त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं.

"म्हनाची पाळीच नाही आली, काकाजी," मी म्हणाले. "बाबा आपल्या मनानंच बाहेर बसत."

ते वळले. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, जसा नवा कापूस दोन अंगठ्यांत धरून बघतात, आधी कधी न बघितलेला. मग त्यांनी बिडी चिमटीतच विझवली, बोट भाजलं असणार, आणि ती खिशात टाकून बाहेर गेले. दार त्यांच्या मागे अर्धं उघडंच राहिलं. गार हवा आत आली, तिच्याबरोबर थोडी कापसाची धूळही, आणि मी ती आत घेतली. काचेतून मला ते जाताना दिसत होते, गंजीच्या कडेकडेनं, एक पाय किंचित ओढत. फाटक तिथून बरंच लांब आहे. मी बरोबर केलं होतं, त्यात मला तसूभरही शंका नव्हती, आणि ते फाटकापर्यंत पोचायच्या आतच मला त्यांची आठवण यायला लागली. तरीही मी हाक मारली नाही.